नदीत उतरायचे बूट आणि त्यांची नाडी: बेळगाव-खानापूरकडच्या नवशिक्या फ्लाय फिशरसाठी

दिवाळी उलटली की मलप्रभेचं पाणी निवळायला लागतं. खानापूरजवळ असोग्याला पात्रातले खडक उघडे पडतात, आणि दोन खडकांमधून धावणारं गुडघाभर पाणी बघून फ्लाय फिशिंगचा, म्हणजे पिसा-धाग्यांच्या नकली किड्याने मासा धरायचा, रॉड हातात असलेल्या माणसाला वाटतं, उतरावं. उतरायला हरकत नाही. पण आधी काठावर बसून त्या खडकाचा पाण्याखालचा भाग चाचपून बघा. वर उन्हात कोरडा, खरखरीत. चार बोटं खाली गेलात की तपकिरी-हिरव्या शेवाळाचा पातळ थर, नखाने खरवडला तर निघतो, पायाने दाबला तर सरकतो. चामड्याचे बूट, रबरी चप्पल, पळायचे शूज, सगळे तिथं सारखेच घसरतात.

म्हणून रॉड-रीलच्या खरेदीआधी पायाचं बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको: आपल्या भागातल्या नद्यांसाठी रबरी सोल, त्यात थोडे स्टड (सोलमध्ये बसवायचे छोटे स्क्रू), आणि साधी नाडी. फेल्ट सोल, डायल फिरवून आवळायचे बूट, छातीपर्यंतचे वेडर यांच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नका.

आधी पाणी ठरवा, मग बूट

कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा खानापूरपर्यंत खडकाळ आहे. बूट खरे कामाला येतात ते इथं. मार्कंडेय आणि घटप्रभेच्या वरच्या अंगालाही असे पट्टे सापडतात. पण तुम्ही निपाणी-चिकोडीकडचे असाल, तर दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला काळी माती आणि गाळ. तिथं पाय पोटरीपर्यंत रुततो, बूट ओढून काढताना टाच सुटते. अशा ठिकाणी कितीही भारी बूट असले तरी आत जाण्यात अर्थ नाही, काठावरून टाका.

काही पाण्यात उतरायचंच नाही. कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे अंकली, कुडचीकडचं पाणी काठावरूनच बघायचं. गोकाक धबधब्याच्या वरच्या बाजूला पात्र सपाट आणि सोपं दिसतं, पण पुढे 52 मीटरचा कडा आहे. हिडकलच्या खाली धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते, म्हणून तिथं जायच्या आधी गावात विचारा. राकसकोप हे बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी, तिथं बूट घालून शिरू नका. आणि भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. म्हादई तिथून निघते, पाणी सुंदर आहे, पण आत गळ टाकता येत नाही. बाकी ठिकाणी परवान्याचं मत्स्य खात्यात विचारून घ्या, आणि तलाव किंवा धरण मच्छीमार सोसायटीकडे असेल तर त्यांनाही. देवळाच्या घाटाजवळच्या डोहातले मासे लोक देवाचे मानतात, तिथं वाद घालू नये.

आणखी एक गोष्ट कुठल्याच परदेशी माहितीपत्रकात मिळत नाही: मोटारपंप. ऊस आला म्हणजे काठाला पंप आले, आणि पंप आले म्हणजे पाण्याच्या कडेने लोंबणाऱ्या, जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरी आल्या. जिथं काळा पाइप पाण्यात गेलेला दिसेल, तिथून लांब राहा. ओल्या बुटातला माणूस आणि उघडी वायर यांची गाठ पडू देऊ नका.

काठावर भोई किंवा गुरं राखणारा कोणी असेल तर रामराम करून विचारा, "मामा, हितं तळ कसा हाय? खडक हाय की गाळ?" पाच मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही नकाशात नसतं.

वेडर हवेत का?

नको. वेडर म्हणजे पाय कोरडे ठेवणारी, छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार. तिचा जन्म बर्फाच्या पाण्यासाठी झाला. आपल्याकडे डिसेंबरातल्या सकाळीसुद्धा पाणी सोसवतं, आणि फेब्रुवारीनंतर वेडरमध्ये माणूस आतूनच घामाने भिजतो. लवकर वाळणारी पँट, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे निओप्रीनचे (मऊ, रबरासारख्या मालाचे) मोजे आणि वर बूट, एवढं पुरतं. मोज्यांवर दुमडायची घोट्याची पट्टी असली तर बरं. तिला ग्रॅव्हल गार्ड म्हणतात. वाळू-खडी बुटात जाऊ नये म्हणून ती असते, आणि तिचा दुसरा उपयोग नाडीच्या भागात सांगतो.

गमबूट मात्र नकोच. भातखाचरात ते उत्तम, नदीत घातक: वरून पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नाही, आणि धारेत तो भरलेला बूट पायाला ओढत नेतो. नदीत उतरायच्या बुटाला तळाशी, कडेला पाणी निचरायची भोकं असतात. दुकानात बूट हातात घेतलात की पहिल्यांदा ती शोधा.

सोल

इथं जरा थांबू, कारण पैसे जातात ते इथंच.

फेल्ट म्हणजे दाबून घट्ट केलेल्या धाग्यांचा जाड थर. शेवाळलेल्या गोट्यांवर फेल्टसारखी पकड कशालाच नाही, हे मान्य करायला हवं. तरीही मी तो सुचवत नाही. एक तर तो वाळत नाही. धाग्यांत अडकलेलं पाणी, गाळ, शेवाळाचे सूक्ष्म कण तसेच ओले राहतात आणि दुसऱ्या नदीत उतरतात. न्यूझीलंडने 2008 साली डिडिमो नावाच्या शेवाळामुळे फेल्ट सोलवर बंदी घातली, अलास्कातही 2012 साली तशीच बंदी आली. आपल्याकडे बंदी नाही, पण रविवारी मलप्रभा आणि पुढच्या रविवारी घटप्रभा करणाऱ्याने याचा विचार करावा. दुसरं कारण अधिक घरचं आहे: खानापूर तालुक्यात गाडी लावल्यापासून पाण्यापर्यंत लाल मातीतून, ओल्या गवताच्या उतारावरून चालावं लागतं. फेल्टला ती माती थरावर थर चिकटते, पकड जाते, आणि कोरड्या खडीवर चालून चालून तो झिजतोही लवकर.

रबरी सोल चालायला चांगला, धुवायला सोपा, टिकाऊ. मात्र नुसता रबर शेवाळावर फेल्टइतका धरत नाही. घेताना सोल अंगठ्याने दाबून बघा: मऊ, किंचित चिकटसर रबर हवं. ट्रेकिंगच्या बुटाचं कडक, खोल खाचांचं रबर डोंगरावर छान, ओल्या गुळगुळीत खडकावर नाही.

रबराची ही उणीव स्टड भरून काढतात. हे टंगस्टन कार्बाइडचं टोक असलेले छोटे स्क्रू असतात, सोलमध्ये फिरवून बसवायचे. शेवाळाचा थर फोडून खालच्या दगडाला ते भिडतात. बसवताना तीन गोष्टी बघा. बहुतेक बुटांच्या सोलवर स्क्रूच्या जागा खुणा करून दिलेल्या असतात, त्या सोडून दुसरीकडे घालू नका. कडेने जास्त, मधे कमी: पाय घसरतो तेव्हा वजन बुटाच्या कडेवर येतं. आणि लांबी सोलच्या जाडीपेक्षा कमी हवी, नाहीतर टोक आतून तळव्याला टोचतं. बसवल्यावर बुटात हात घालून चाचपा.

स्टडचे तोटेही आहेत. कोरड्या, कठीण, गुळगुळीत खडकावर ते धरत नाहीत, उलट सरकतात, म्हणून पाण्याबाहेर आल्यावर खडकावरून उड्या मारत जाऊ नका. पाण्यात टकटक आवाज होतो आणि उथळ पाण्यातले मासे त्याने सावध होतात. हवेने फुगवायच्या बोटीत, कोणाच्या घराच्या फरशीवर आणि गाडीच्या पेडलवर स्टडचे बूट चालत नाहीत. घरून चपलेत निघा, काठावर बूट चढवा.

स्टडऐवजी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावलेले बूटही येतात. ॲल्युमिनियम दगडापेक्षा मऊ, त्यामुळे दगड त्यात रुततो आणि पकड जबरदस्त येते. पण वजन वाढतं, पट्ट्या झिजतात, आणि बदलायच्या पट्ट्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत. काही बुटांचे सोलच बदलता येतात, एकाच बुटाला आज साधा रबरी, उद्या स्टडचा. कल्पना चांगली आहे. मात्र गाळात सोलची एखादी कड सुटली तर पाण्यात कळत नाही, दर वेळी काठावर तपासावी लागते.

माप

आपल्याकडे दुकानात बोलतात ते ब्रिटिश माप. परदेशी वेडिंग बूट, म्हणजे नदीत उतरायचे बूट, बहुतेक अमेरिकी मापात येतात, आणि पुरुषांचं अमेरिकी माप ब्रिटिश मापापेक्षा साधारण एकाने मोठं असतं: तुमचा 8 नंबर तिथं 9. वर निओप्रीनचा मोजा, म्हणून आणखी एक नंबर मोठा घ्यावा लागतो. पण काही कंपन्या मोज्याची जागा आधीच धरून माप देतात, म्हणून त्या कंपनीचा तक्ता वाचल्याशिवाय मागवू नका. अर्धे नंबर बहुतेकदा नसतात. मधे सापडलात तर मोठा घ्या.

पाय संध्याकाळी मोजा, दिवसभरात तो थोडा सुजतो. कागदावर उभं राहून पेन्सिलीने कड काढा, लांबी आणि पंजाची रुंदी दोन्ही लिहून ठेवा. बूट आला की मोजा चढवून घाला आणि जिन्यावरून खाली उतरा. बोटं पुढे आपटली तर लहान, टाच उचलून येत असेल तर मोठा, किंवा नाडी नीट नाही. हे दुसरं कारण लोक विसरतात आणि चांगला बूट परत पाठवतात.

लगेच परदेशी बुटावर खर्च करायचा नसेल तर कॅम्पातल्या फौजी सामानाच्या दुकानात कॅनव्हासचे उंच जंगल बूट बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यामुळे आपल्याला ही सोय आहे. घोटा धरतात, पाणी निचरतात, वाळतात. सोल मात्र कडक, म्हणून हे बूट वाळू-खडीच्या तळासाठी. शेवाळलेल्या खडकावर नाहीत.

नाडी की डायल

डायलच्या बुटांत सध्या बोआ हे नाव सगळ्यात जास्त दिसतं. ही कंपनी अमेरिकेत कोलोरॅडोत 2001 साली सुरू झाली. डायल आधी बर्फावर घसरायच्या स्नोबोर्डच्या बुटांना लागले, मग इतर बुटांना. नाडीऐवजी बारीक पोलादी तार असते. डायल आत दाबायचं, फिरवायचं, बूट आवळतो. डायल बाहेर ओढलं की तार एकदम सुटते. ओल्या, गारठलेल्या बोटांनी किंवा एका हाताने हे जमतं, आणि पाण्यात उभं राहूनही आवळता येतं. नाडीच्या फासात फ्लायची दोरी अडकायचा प्रश्नही नाही. हे सगळे खरे फायदे आहेत.

तरी मी नाडीच सुचवतो. डायलमध्ये बारीक वाळू गेली की ते खरखरतं, कधी अडून बसतं. आपल्या पात्रात वाळूला तोटा नाही. एकाच डायलचा बूट पंजापासून घोट्यापर्यंत सारखाच आवळतो, आणि आपल्याला तर पंजा सैल, घोटा घट्ट असा हवा असतो. आणि तार तुटली तर? बदलायचं किट मिळतं, पण ते सोबत हवं, हातात कौशल्य हवं, आणि हे जांबोटीच्या पुढे जंगलात घडलेलं असतं. नाडी तुटली तर गाठ मारून घरी येता येतं. डायलचेच बूट घेतले असतील तर किट नेहमी पिशवीत ठेवा आणि दर फेरीनंतर डायल गोड्या, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली फिरवून धुवा.

नाडी कोणती

बुटाबरोबर आलेली नाडी बऱ्याचदा ठीक असते, पण दुसरी जोडी आताच घेऊन ठेवा. सुती नाडी नको: पाणी पिऊन फुगते, गाठ सुटत नाही, पुढे कुजते. नायलॉन मजबूत, पण भिजल्यावर ताणतो. पॉलिएस्टर सगळ्यात कमी ताणतो, तोच घ्या. खडेबाजारात दुकानदाराला धाग्याचं नाव सांगता येईलच असं नाही. नाडीचं टोक पेटत्या काडीवर धरून बघा. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा, जळून राख झाली तर सुती. नायलॉन आणि पॉलिएस्टर ओळखायला घरी नाडीचा तुकडा भिजवून ताणून बघा. सात-आठ जोड्या आयलेटच्या (नाडी ओवायच्या भोकांच्या) उंच बुटाला साधारण 180 सेंटिमीटर लांबी लागते. गोल नाडीत वाळू कमी अडकते, चपट्या नाडीची गाठ जास्त टिकते. अंडाकृती मिळाली तर उत्तम.

बांधायची कशी

पाय बुटात सरकवा, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. मोज्याची सुरकुती राहिली असेल तर आताच काढा, ओल्या पायावर ती तासाभरात फोड आणते.

खालच्या दोन-तीन जोड्या सैल ठेवा, बोटं आत हलली पाहिजेत. पायाच्या कमानीवर थोडी ओढ द्या. घोट्याच्या वाकणात आलात की नाडीची नेहमीची एक अढी न घालता दोन अढ्या घाला, टोकं एकमेकांभोवती दोनदा फिरवून ओढा. डॉक्टर टाके घालताना घालतात तीच ही गाठ. यामुळे खालचा सैलपणा आणि वरचा घट्टपणा वेगळे राहतात, आणि वर कितीही आवळलं तरी पंजा चेपत नाही. उतारावरून पाण्याकडे जाताना बोटं पुढे आपटत असतील तर त्याच्यावर आणखी एक दुहेरी अढी घाला.

वरती आयलेटऐवजी आकडे असतात. नाडी आकड्याखालून वर न घेता आधी वर नेऊन वरून खाली आकड्यात टाका. घर्षण वाढतं, गाठ मारेपर्यंत नाडी सुटत नाही.

शेवटची गाठ. फास मारल्यावर बघा तो कसा पडलाय. फास बुटावर आडवा पडला तर गाठ बरोबर. तो बोटांकडून घोट्याकडे उभा पडत असेल तर पहिली आणि दुसरी अढी एकाच दिशेने मारली गेली आहे. ती गाठ ओली झाली की आपोआप सुटते. उलट दिशेने पुन्हा मारा. नंतर फासाची दोन्ही टोकं पुन्हा एकदा एकमेकांत बांधा.

आता फास आणि लोंबणारी टोकं खालच्या आडव्या नाडीत खोचा आणि ग्रॅव्हल गार्ड त्यावर ओढून घ्या, त्याचा हूक सगळ्यात खालच्या नाडीत अडकवा. फ्लाय फिशिंगमध्ये दोरी पायाशी पाण्यावर सुटी पडलेली असते. मासा लागून पळाला की ती सपकन उठते, आणि बुटाचा एखादा आकडा किंवा फास तिला पकडतो. मरळ असो की महाशीर, दोरी बुटाला अडकल्यावर थांबत नाही. दोरीच्या टोकाला बांधलेला बारीक धागा, लीडर, तुटतो आणि मासा तोंडात हूक घेऊन जातो. महाशीर हातात आलाच तर पाण्यातच ठेवून सोडायचा असतो, म्हणून काटेविरहित (टोकाला उलटा काटा नसलेला) हूक वापरा.

पाण्यात उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी काठावर या आणि नाडी पुन्हा आवळा. भिजलेली नाडी सैल पडते, मोजा दबतो, टाच हलू लागते. हा दुसरा फेरा टाळला की घोटा मुरगळायची भीती वाढते.

पहिली चाचणी

गुडघ्याच्या वर पाणी नको. हातात चिव्याची काठी, छातीला लागेल इतकी. धारेला पाठ किंवा तोंड न देता कुशी द्या. काठी वरच्या बाजूला टेकून एक पाय सरकवा, बसला की दुसरा. पाऊल उचलून टाकू नका, तळ चाचपत पुढे ढकला. अंधार पडायच्या तासभर आधी पाण्याबाहेर या. जून ते सप्टेंबर आत जाण्याचा विषयच नाही.

घरी आल्यावर

बूट नळाखाली धुवा, खाचांतली माती जुन्या टूथब्रशने काढा, जलपर्णीचा तुकडा दिसला तर कचऱ्यात टाका, नदीत किंवा गटारात नाही. बाभळीचे काटे सोलमध्ये मोडून राहतात, चिमट्याने उपटा. नाडी आणि आतला तळवा वेगळे काढून सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवले तर सोलचा गोंद सुटतो. दुसऱ्या नदीवर जायच्या आधी बूट पूर्ण वाळून वर दोन दिवस गेलेले असावेत. पावसाळ्यात बुटात वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि महिन्यातून एकदा बदला, नाहीतर खानापूरच्या हवेत बुरशी येतेच.

जुने बूट कोणी स्वस्तात देत असेल तर आधी सोल आणि वरचा भाग यांच्या मधला फोमचा थर अंगठ्याने दाबा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटातला पॉलियुरेथेनचा थर आतून कुजतो. वरून बूट नवा दिसतो आणि दुसऱ्या फेरीला सोल हातात येतो.

आकडा उखडला, आयलेट फाटलं, शिवण उसवली तर टाकून देऊ नका. अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे. त्यांच्या हाताला जाड माल शिवायची सवय असते. शिवणीला सुती नाही, नायलॉनचा मेणलेला दोरा वापरायला सांगा, आयलेट पितळेचं घ्या. सुटलेला सोल चिकटवताना खिळे मारू नका म्हणून आधीच सांगून ठेवा, आणि पाणी निचरायची भोकं गोंदाने बुजणार नाहीत यावर तिथंच उभं राहून लक्ष ठेवा.